सीझनची पहिली ग्रुप राईड: वाई–मेणवली–धोम, सगळ्यात मागच्या माणसाला धरून कशी आखायची

पाऊस संपत आला की आमच्या साताऱ्याच्या ग्रुपवर दरवर्षी एकच मेसेज पडतो, "चला, सीझन सुरू करूया." आणि मग लगेच कोणीतरी कास म्हणतं, कोणीतरी पसरणी घाट म्हणतं, आणि जे चार महिने सायकलवर बसलेले नाहीत ते गप्प बसतात. हा लेख त्या गप्प बसणाऱ्यांना घेऊन राईड कशी काढायची याच्यासाठी आहे. मी उदाहरण म्हणून वाई–मेणवली–धोम हाच रूट घेतलाय कारण तो मला पाठ आहे, पण तुम्ही नाशिकला असा नाहीतर कोल्हापूरला, पद्धत तीच वापरता येईल.

आधी एक प्रसंग सांगते कारण पुढचे बहुतेक नियम त्यातूनच आलेत. काही वर्षांपूर्वी आम्ही १४ जण याच रूटवर गेलो होतो, माझ्या मोठ्या वहिनी पहिल्यांदाच ग्रुपबरोबर आल्या होत्या. मेणवलीच्या पुढे त्यांच्या सायकलची चेन उतरली. मागे कोणीच नव्हतं, फोन पुढच्या एकाच्या बॅगेत ठेवायला दिलेला, आणि त्या उसाच्या शेताच्या कडेला एकट्या उभ्या राहून हाताने चेन बसवत होत्या, आम्ही तोपर्यंत धोमला पोहोचून चहा घेत होतो. त्या घामाघूम होऊन आल्या, सायकल टेकवली, आणि तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "झाले का सगळे, चला निघू." नंतर दोन वर्षं वहिनींनी सायकलला हात लावला नाही. कोणी मुद्दाम केलं नव्हतं, पण राईड पुढच्या चौघांच्या हिशोबाने आखली होती आणि चूक तीच होती.

तारीख आणि वेळ

आपल्याकडे सीझन म्हणजे दसऱ्यानंतर. मान्सून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माघारी जातो पण परतीचा पाऊस त्याच्या मनाने येतो, बहुतेक वेळा दुपारनंतर ढग जमून येतो, त्यामुळे सकाळची राईड सुटते. मी स्वतः कोजागिरीनंतरचा पहिला रविवार धरते. दिवाळीची सुट्टी लागली की पाचगणी-महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्यांनी वाई भरून जाते, नवीन माणसांना घेऊन त्या गर्दीतून जायचं नाही, म्हणून त्याच्या आत उरकायचं नाहीतर सुट्टी संपेपर्यंत थांबायचं.

दुसरं म्हणजे ऑक्टोबर हीट. सकाळी गार वाटतं म्हणून लोक उशिरा निघतात आणि साडेदहाला डोकं तापतं. या दिवसांत सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो, तर पावणेसातला पहिलं पॅडल पडलं पाहिजे. अंधारात निघू नका, ग्रुपमधल्या निम्म्या सायकलींना लाईट नसतात आणि पावसाने झालेले खड्डे अंधारात दिसत नाहीत.

वेळेचा हिशोब असा करायचा. जाऊन-येऊन अंतर साधारण १८ ते २० किलोमीटर. चार महिने न चालवलेला माणूस सपाटीला तासाला १३-१४ किलोमीटर जातो, म्हणजे नुसतं सायकलवर बसणं दीड तास. मेणवलीला अर्धा तास, धोमला अर्धा तास, वाटेत थांबून सगळ्यांना गोळा करायला १५ मिनिटं, एका पंक्चरला २० मिनिटं. झाले तीन तास पाच मिनिटं. पावणेसातला निघालात तर दहाच्या सुमारास वाईत परत आणि मग निवांत नाष्टा. पंक्चरची २० मिनिटं आधीच धरून ठेवा, झालं नाही तर तेवढा वेळ घाटावर बसायला मिळतो.

रूट हाच का घेतला

गणपती घाटावरून निघायचं. ढोल्या गणपतीचं देऊळ सगळ्यांना माहिती असतं, १७६२ साली सरदार रास्त्यांनी बांधलेलं, त्यामुळे बाहेरगावाहून येणाऱ्याला पत्ता समजावून सांगावा लागत नाही, "ढोल्या गणपतीपाशी या" म्हटलं की झालं. तिथून मेणवली तीनेक किलोमीटर, म्हणजे अंग गरम होतं न होतं तोच पहिला थांबा येतो आणि हे फार महत्त्वाचं आहे. नवीन माणसाला सीट खाली आहे, ब्रेक घासतोय, दप्तर खांद्याला रुततंय हे सगळं पहिल्या १५ मिनिटांतच कळतं, तेव्हा थांबायला जागा पाहिजे.

मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि खाली कृष्णेवरचा घाट. घाटावर छोट्या देवळीत मोठी घंटा टांगलेली आहे, ती पोर्तुगिजांकडची, चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर इकडे आली असं सांगतात, आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीचं चित्र आहे. शांतपणे बघा. सिनेमावाल्यांमुळे घाट कितीतरी जणांनी पडद्यावर पाहिलेला असतो, पण सकाळी सातला तिथे कपडे धुणाऱ्या दोन बायका आणि पाण्याचा आवाज एवढंच असतं.

पुढे धोम. वाईपासून आठेक किलोमीटर. दोन्ही बाजूला ऊस, हळदीची रुंद हिरवी पानं, पश्चिमेला सरकत गेलं की भात. रस्ता हळूहळू चढतो पण अंगावर येत नाही, आणि येताना तोच चढ उतार होतो म्हणजे दमलेल्या माणसाला घरी यायला सोपं. हा मुद्दा कुठल्याही रूटला लावा: चढ जाताना, उतार येताना. आधी उतरत जाऊन शेवटी चढायला लागणारा रूट पहिल्या राईडला कधीच घेऊ नका, मॅपवर तो कितीही छान दिसू दे.

धोमला सिद्धेश्वराचं देऊळ आहे, तिथला नंदी कासवाच्या पाठीवर बसवलाय आणि भोवती कमळाच्या आकाराचं कुंड आहे. पावसानंतर कुंडात पाणी असेल तर नंदीचं कासव पाण्यात तरंगल्यासारखं दिसतं. शेजारी उंच गोल चौथऱ्यावर नरसिंहाचं देऊळ. धरण तिथून जवळच. धरणाच्या पुढे पाण्याच्या कडेने रस्ता जातो, फार देखणा आहे, पण चढ-उतार सुरू होतात, म्हणून पहिल्या वेळेला धोमवरूनच मागे फिरायचं. कोणाला जोर असेल त्याने दुसऱ्या दिवशी जावं.

पसरणी घाटाचा हट्ट करणारे दरवर्षी असतात त्यांना एवढंच सांगा की वाईपासून पाचगणीपर्यंत साडेपाचशे-सहाशे मीटर चढ आहे. ती राईड डिसेंबरची. आणि हायवेच्या सुरूर फाट्यापासून सायकलवर यायचं का असं पुण्याचे लोक विचारतात, माझं उत्तर नाही. तो मोठ्या वाहतुकीचा रस्ता आहे, गाडीतून सायकली वाईपर्यंत आणा.

रेकी केल्याशिवाय मेसेज टाकू नका

आठवडाभर आधी एकदा टू-व्हीलरवरून का होईना पण जाऊन या. गेल्या फेब्रुवारीतला रस्ता आणि आत्ताचा रस्ता वेगळा असतो. पावसाने डांबराची कड तुटलेली असते, वळणावर वाहून आलेली खडी आणि वाळू पसरलेली असते, सावलीतल्या भागात आणि फरशी पुलावर शेवाळ असतं. सायकल जास्त करून घसरते ती याच तीन ठिकाणी. मी फोनमध्ये जागा पिन करून ठेवते आणि राईडच्या सकाळी सगळ्यांना तोंडी सांगते, "मेणवलीच्या आधी डाव्या वळणावर खडी आहे, वळणाच्या आधीच स्लो व्हा, वळणात ब्रेक दाबू नका."

आणखी काय बघायचं? सगळ्यात आधी टॉयलेट. हा विषय पुरुष मंडळी राईड आखतात तेव्हा यादीतच नसतो आणि मग बायका सकाळपासून पाणी न पिता सायकल चालवतात, डोकं दुखतं, पायात गोळे येतात, आणि वाटतं की "मला सायकलिंग झेपत नाही." वाईतल्या ज्या हॉटेलात नाष्टा करणार तिथे आधी बोलून ठेवा, सकाळी लवकर उघडेल का विचारा. पेट्रोल पंपावर टॉयलेट, पिण्याचं पाणी आणि हवा फुकट द्यायची असते, बिनधास्त मागा. गावात देवळापाशी कोणा मावशींना नीट विचारलं तर घरात नेतात, हा माझा बऱ्याच ठिकाणचा अनुभव आहे.

मग फोनची रेंज कुठे जाते, पाणी कुठे भरता येईल, चहाची टपरी रविवारी कितीला उघडते, कुत्री कुठल्या वळणावर असतात. टेम्पो किंवा गाडी कुठपर्यंत येऊ शकते हेही बघा, कारण एखाद्याची सायकल किंवा एखादं माणूस उचलून आणायची वेळ येऊ शकते. शक्य असेल तर गाडी असलेल्या एकाला फक्त वाईत थांबायला सांगा, मागे-मागे यायची गरज नाही, फोन केला की २० मिनिटांत आला तरी पुष्कळ.

भात कापणीच्या दिवसांत शेतकरी रस्त्याच्या कडेला भात-गवत वाळत घालतात. त्यावरून सायकल घालायची नाही, एक तर त्यांचं वर्षाचं पीक आहे आणि दुसरं म्हणजे ओल्या पेंढ्यावर चाक सरकतं.

मेसेज कसा लिहायचा

"संडेला राईड, हू इज इन" असला मेसेज टाकलात की फक्त तयारीचे लोक हात वर करतात. सगळं लिहा. आमचा साधारण असा असतो:

"रविवारी सोपी राईड. वाई गणपती घाट ते धोम आणि परत, १८-२० किमी, घाट नाही. ६:३० ला जमायचं, ६:४५ ला निघायचं, १० पर्यंत परत, मग नाष्टा. स्पीड तासाला १३-१४, यापेक्षा जोरात कोणी जाणार नाही. गिअर नसलेली सायकल चालेल. हेल्मेट पाहिजेच. मागे शेवटपर्यंत एक अनुभवी माणूस असेल, कोणी एकटं पडणार नाही. पाणी १ लिटर, स्वतःचा फोन स्वतःजवळ. पाऊस असेल तर शनिवारी रात्री ८ ला कॅन्सल कळवू."

'यापेक्षा जोरात कोणी जाणार नाही' ही ओळ काढू नका. ज्यांना जोरात जायचंय ते ती वाचून येत नाहीत, आणि ज्यांना भीती वाटत होती ते येतात.

१२ च्या वर लोक झाले तर दोन ग्रुप करा, दोन्हीला वेगळा पुढचा आणि वेगळा मागचा, मध्ये दहा मिनिटांचं अंतर. प्रत्येकाकडून घरच्या एकाचा नंबर आणि ब्लड ग्रुप घेऊन ठेवा, बीपी-शुगर-दमा असेल तर ते तुम्हाला एकट्याला सांगायला सांगा, ग्रुपवर नको. लहान मुलं असतील तर प्रत्येक मुलामागे त्याच्याच घरचं एक मोठं माणूस सायकलवर पाहिजे.

सायकल तयार करणं, खंडेनवमीचा मुहूर्त

खंडेनवमीला आपण हत्यारं-गाड्या धुवून पूजा करतोच, सायकलची तपासणीही त्याच दिवशी करून टाका म्हणजे राईडपर्यंत दुरुस्तीला वेळ राहतो. आदल्या रात्री ब्रेक शूज गेलेत हे कळून उपयोग नाही, रविवारी सकाळी दुकान उघडं नसतं.

पहिली हवा. चार महिने उभ्या सायकलची हवा गेलेलीच असते, त्यात विशेष काही नाही, भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी परत दाबून बघा, गेली तर ट्यूब. किती भरायची ते टायरच्या बाजूला लिहिलेलं असतं, त्या आकड्यांच्या आत राहायचं. अंदाज सांगायचा तर जाड टायरच्या एमटीबीला (माउंटन बाईकला) ३५ ते ४५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), मध्यम टायरच्या हायब्रीडला ५५ ते ७०. पंपावर मशीनने भरताना थोडी-थोडी भरा, सायकलच्या टायरमध्ये जागा कमी असते आणि ते मशीन मोठ्या गाड्यांसाठीचं असतं, क्षणात जास्त होते. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर अ‍ॅडाप्टर लागतो. टायर फिरवून बाजूला चिरा बघा, आणि रबरात रुतलेल्या काचा-काटे आत्ताच काढा. आपल्याकडे बाभळीचा काटा हा पंक्चरचा मुख्य गुन्हेगार, रस्त्यावरून खाली उतरून कडेला सायकल लावली की लागलाच म्हणून समजा.

मग ब्रेक. लिव्हर हँडलला टेकत असेल तर वायर ओढून घ्या. शूजवरच्या खाचा गेल्या असतील तर नवीन टाका, स्वस्तातलं काम आहे. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवली आणि हँडलच्या खाली खटखट झालं तर हेडसेट, म्हणजे हँडल जिथे फिरतं तो सांधा, ढिला आहे, ते मेकॅनिकला दाखवा.

चेनबद्दल थोडं जास्त बोलते कारण वहिनींचा घोटाळा चेनचाच होता. पावसाळ्यात गंजलेली, कोरडी चेन दातांवर नीट बसत नाही, उड्या मारते आणि जोर लावला की उतरते. डिझेलमध्ये बुडवलेल्या फडक्याने किंवा जुन्या टूथब्रशने घासा, पूर्ण वाळू द्या, मग चेन ल्यूबचा एक-एक थेंब प्रत्येक रोलरवर, पॅडल मागे फिरवत. दहा मिनिटांनी वरवरचं सगळं पुसून टाका. पुसायची पायरी लोक सोडतात आणि त्यामुळे धूळ चिकटून काळा चिखल होतो. इंजिन ऑइल नको, फार जाड आहे. डब्ल्यूडी-फोर्टी गंज सोडवायला चांगलं पण ते ल्यूब नाही, त्यावर ल्यूब लागतंच. खोबरेल तेल तर अजिबात नको.

आणि सगळ्यांना चेन परत बसवायला शिकवा, राईडच्या आधी जमतो तेव्हा पाच मिनिटं पुरतात. मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा, मागच्या चाकाजवळ लोंबणारा भाग) हाताने पुढे ढकलला की चेन सैल होते, पुढच्या चक्रीच्या खालच्या दातांवर चेन अडकवायची आणि पॅडल हाताने मागे फिरवायचं, बसते. गिअरच्या सायकलला एवढंच. वहिनींना हे कोणी दाखवलं नव्हतं.

सीटची उंची: सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा, पॅडल सगळ्यात खाली असताना गुडघा सरळ झाला पाहिजे, मग चवड्याने चालवताना तो आपोआप हलका वाकतो. नवीन माणसाला पाय टेकायची भीती असते म्हणून तो सीट फार खाली ठेवतो, त्याने गुडघे दुखतात. एकदम वर करू नका, निघताना थोडी, मेणवलीला आणखी थोडी.

हेल्मेट कपाळावर, भुवईच्या वर दोन बोटं. पट्टा हनुवटीखाली एक बोट जाईल एवढा. मागे सरकवून टोपीसारखं घातलेलं हेल्मेट पडताना कपाळ वाचवत नाही.

ग्रुपचं सामान

प्रत्येकाने सगळं आणायची गरज नाही. सगळ्यात मागच्या माणसाच्या बॅगेत: पंप, पॅच किट, टायर लिव्हर (टायर रिममधून काढायच्या पट्ट्या), ४-५-६ च्या अ‍ॅलन की (षटकोनी पाने), क्विक रिलीज (पान्याशिवाय चाक काढायची खटकी) नसलेल्या चाकांसाठी १५ चा पाना, आणि ग्रुपमध्ये ज्या-ज्या साइजचे टायर आहेत त्यांची एकेक ट्यूब. एक फडकं. पुढच्या माणसाच्या बॅगेत फर्स्ट एड: बँडेज, गॉज, अँटिसेप्टिक, चिकटपट्टी, ओआरएस. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण मिसळायचं असतं, अंदाजाने अर्धं-चिमूट करू नका. कागदावर ११२ आणि अ‍ॅम्ब्युलन्सचा १०८ लिहून ठेवा, घाईत पाठ असलेलंही आठवत नाही.

पंक्चर काढताना एक गोष्ट कायम विसरली जाते. नवीन ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून फडकं फिरवा, बोट नाही, फडकं. काटा आतच असेल तर धागा अडकतो. नाहीतर दोन किलोमीटरवर परत तेच.

निघण्याआधीची दहा मिनिटं

गोल करून उभे रहा आणि एकाने मोठ्याने सांगा. नंबर द्या, १ ते १२, प्रत्येक थांब्याला मोजणी, आपला नंबर आपणच ओरडायचा. शाळेच्या सहलीसारखं वाटतं पण एकदा केलं की सगळ्यांना आवडतं.

चालवायचं कसं ते असं. डावीकडून, एकामागे एक, दोघांत दोन सायकलींचं अंतर. पाच-सहा जणांनंतर मोठी गॅप ठेवायची, म्हणजे मागून एसटी आली तर तिला टप्प्याटप्प्याने पुढे जाता येतं, १२ जणांची सलग रांग असली की ड्रायव्हरला सगळ्यांना एकदम ओलांडायला लागतं आणि समोरून काही आलं की तो आपल्याच अंगावर येतो. "मागे गाडी" हे शेवटच्याने ओरडायचं आणि प्रत्येकाने पुढे द्यायचं. "खड्डा", "खडी", "थांबतेय" हे पुढून मागे.

ग्रुपमध्ये पडण्याचं एक कारण सगळ्यांना नीट समजावून सांगा: आपलं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या शेजारी आलं आणि तो जरा बाजूला सरकला की आपलं हँडल अडकतं, पडतो आपणच, तो नाही. म्हणून बाजूला घुसायचं नाही, पूर्ण मागे राहायचं नाहीतर सांगून उजवीकडून पूर्ण पुढे जायचं. फोटोसाठी अचानक ब्रेक मारायचा नाही, आधी ओरडायचं, मग कडेला, मग थांबायचं.

ब्रेक दोन्ही एकत्र आणि हळूहळू दाबायचे. चढ दिसला की चढ लागायच्या आधीच गिअर हलका करायचा, जोर लावलेला असताना बदलला की चेन कुरकुरते आणि उतरते. गिअर नसेल तर चढावर खाली उतरून चाला, त्यात काही कमीपणा नाही, आणि पुढच्याने हे निघतानाच सगळ्यांसमोर बोलून दाखवावं.

नोव्हेंबर जवळ आला की उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारा ऊस, आणि ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही, गाण्यांमुळे ऐकूही येत नाही. समोरून किंवा मागून आली तर सरळ कडेला पाय टेकून उभे रहा, जाऊ द्या. शेजारून काढायला जाऊ नका.

पुढचा, मागचा आणि थांबे

पुढे कोणाला ठेवायचं? सगळ्यात जोरात जाणाऱ्याला नाही. ज्याला हळू चालवता येतं आणि जो दर मिनिटाला मागे बघतो त्याला. त्याच्या पुढे कोणीही जायचं नाही. मागे सगळ्यात अनुभवी माणूस, ज्याला पंक्चर काढता येतं आणि ज्याला गप्पा मारता येतात, कारण राईडभर तो शेवटच्या माणसाच्या सोबत असणार. "चला, अजून थोडंच" असं सारखं म्हणणारा माणूस मागे ठेवू नका. दमलेल्याला ते टोचतं. मागचा माणूस उसाबद्दल बोलला, हळदीबद्दल बोलला, तर अंतर कसं कटतं कळत नाही.

वळण किंवा फाटा आला की पुढच्याच्या मागचा एक जण तिथे थांबतो आणि मागचा अनुभवी माणूस येईपर्यंत हलत नाही, मग त्याच्याबरोबर निघतो. पुढच्या फाट्याला दुसरा. असं केलं की रस्ता चुकणं जवळपास बंद होतं.

आणि आता माझ्यासाठी या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं. शेवटचा माणूस पोहोचला की निघायचं नाही, तेव्हा विश्रांती सुरू होते. त्याने सायकल लावली, पाणी प्यायलं, बसला, श्वास जागेवर आला, मग दहा मिनिटं मोजायची आणि मग "निघूया का" असं त्यालाच विचारायचं. पुढचे आधीच दहा मिनिटं बसलेले असतात, म्हणजे ज्याला विश्रांती सगळ्यात कमी लागते त्याला सगळ्यात जास्त मिळते आणि ज्याला हवी असते त्याला मिळतच नाही, हे प्रत्येक ग्रुपमध्ये चालतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही. धोमवरून परत फिरताना मी शेवटच्या माणसाला रांगेत पुढच्याच्या लगेच मागे घेते. स्पीड मग त्याच्या पायावर ठरतो आणि उतार असल्यामुळे कोणाला जाणवतही नाही.

पाणी दर १५ मिनिटांनी दोन घोट, तहान लागायची वाट बघू नका. निघायच्या आधी एक केळं किंवा गुळ-शेंगदाणे एवढं पुरतं, पोटभर नाष्टा परत आल्यावर. कोणी गप्प झालं, चेहरा पांढरा पडला, उन्हात अंगावर शहारा आला म्हणालं किंवा गरगरतंय म्हणालं तर तिथेच सावलीत बसवा, ओआरएस द्या, गाडीवाल्याला फोन करा. "थोडंच राहिलंय" म्हणून चालवायला लावू नका.

घाटावर, मेणवलीला काय आणि धोमला काय, पावसानंतर खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. पाण्यात उतरायचं नाही, धरणातून पाणी सोडलं की नदी वाढते. देवळात जाताना सायकलिंगच्या तंग चड्डीवर एक सैल पॅन्ट चढवा, बॅगेत मावते. सायकली उसाला किंवा हळदीला टेकवून ठेवू नका. वाटेत भेटणाऱ्या माणसांना राम राम करा, तेच पुढे पंक्चर झाल्यावर घमेल्यात पाणी आणून देतात ट्यूब बुडवून बघायला. वाडा आतून बघायचा असेल तर आधी विचारून जा.

कुत्रं मागे लागलं तर जोरात पॅडल मारू नका, नवीन माणूस घाबरून रस्त्याच्या मध्ये जातो आणि तो धोका कुत्र्यापेक्षा मोठा. थांबा, उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये ठेवा, चालत पुढे जा. चावलंच किंवा ओरखडलं तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजचं इंजेक्शन सुरू करायचं, सोमवारवर ढकलायचं नाही.

परत आल्यावर

गणपती घाटावर परत मोजणी. नाष्टा एकत्र करा, मिसळ नाहीतर पोहे, आणि बिल सारखं वाटून घ्या. संध्याकाळी ग्रुपवर फोटो टाकताना मागच्यांचे फोटो आधी टाका, पुढच्यांचे सेल्फी असतातच.

रात्री मी शेवटच्या दोघांना वेगळा फोन करते. सीट टोचली का, गुडघा दुखतोय का, कुठल्या ठिकाणी नको वाटलं. ग्रुपवर विचारलं तर सगळे "मस्त झाली" लिहितात, फोनवर खरं कळतं. एकीने सांगितलं होतं की चढ झेपला, पण एसटीच्या हॉर्नला हात थरथरले. पुढच्या वेळी तिला आम्ही मागच्या माणसाच्या अगदी पुढे ठेवलं, म्हणजे हॉर्न वाजायच्या आधीच "मागे गाडी" तिला ऐकू येत होतं.

दुसरी राईड दोन आठवड्यांच्या आत लावा, जास्त लांबली की पाय परत विसरतात. रूट तोच चालतो, फक्त धरणाच्या पुढे पाण्याच्या कडेने अडीच किलोमीटर जाऊन मागे फिरायचं, म्हणजे एकूण पाच वाढतात. आणि तारीख सगळ्यात शेवटी पोहोचलेल्याने ठरवायची. गेल्या वर्षी ती वहिनींनी ठरवली, रविवार नको शनिवार म्हणाल्या, रविवारी त्यांच्याकडे माहेरची माणसं जेवायला यायची होती. मग शनिवारच धरला.